अठरावं पान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे श्वासाच्या खुणा. दुपारची जेवणं झालेली. यमुनेने ओटीवर चटई टाकली, मांडीवर पाट घेतला, पाटावर फुलस्केप कागद, हातात लाल पेन. मी समोर भिंतीला टेकून बसलेलो. बाजूला माझा बास, म्हणजे तो पितळेचा सगळ्यात मोठा भोंगा, जो वरातीत मागे चालतो आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही. ती एकेक पान घ्यायची, ओठ मिटून त्यातला सूर हळू गुणगुणायची, आणि दम संपला की तिथे लाल टिक मारायची. शाळेतल्या बाई मारतात तशी. अशी सतरा पानं झाली. अठरावं माझं.

"तुमचा पान उद्याला करू," ती बोलली.

"एकच राहिलंय गो. करून टाक."

"उद्याला बोलली ना. उकडतंय मना."

भादव्यातली दुपार, उकडणारच. खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास घरात आलेला. मी चिडलो. दिवेलागणीच्या आत संपव म्हणून तिला आधीच दोनदा डाफरलेलो. तिने पेन खिडकीत ठेवलं, टोपण न लावता. ते मला दिसलं. एरवी टोपणावरून मलाच बोलणारी बाई ती. टोपण दिसलं, पण समोर बसून जे खरं बघायला पाहिजे होतं ते दिसलं नाही. हे सांगायला बसलो ते त्याच्यासाठी.

पितृपक्ष आला की मला ती ओटी आठवते. लोकांना या पंधरवड्यात आपली मेलेली माणसं आठवतात, ते ठीकच आहे. पण आम्हा बँडवाल्यांचा हा पंधरवडा वेगळा. गणपती विसर्जन झालं की बँड गप्प. लग्न नाही, मुंज नाही, दुकानाचं उद्घाटनही कोणी करत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळे बँड खुंटीला टांगलेले. कोणी सुपारी देत नाही. बँड ठरवायला येतात त्याला आमच्यात सुपारी देणं म्हणतात. मग या रिकाम्या दिवसांत नवं काही बसवायचं. आमचे बसवण्याचे दिवस हे असे, घरोघरी पानं वाढलेली, कौलांवर कावळे, आणि मिठाच्या जुन्या वखारीत आम्ही अठरा माणसं गाल फुगवून.

ती वखार कळव्याला खाडीच्या काठी होती. माझा बाप तिथे मीठ वाहायचा. आगर बंद पडलं, वखार राहिली. भिंतींना मीठ मुरलेलं. दमट दिवसांत भिंती पाझरायच्या, कोरड्या दिवसांत पांढरी पूड गळायची. मोठा सूर लागला की पूड जास्त गळायची. आमच्या कपड्यांवर, केसांवर. तासाभराच्या सरावानंतर सगळे म्हातारे दिसायचे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि तेही नावाला. सूर कानाला कळतो, हाताला लिहिता येत नाही. यमुना सातवी पास. लग्न झालं तेव्हा तिच्या अक्षराचं कौतुक माहेरचे सांगायचे, मी म्हणायचो, अक्षर काय चाटायचंय. पुढे त्याच अक्षरावर माझा बँड चालला. मी बास तोंडाला लावून किंवा तोंडानेच सूर सांगायचो, ती सा रे ग म लिहायची, किती मात्रा धरायचा तिथे तितक्या आडव्या रेघा. कॉर्नेटचं वेगळं, क्लॅरिनेटचं वेगळं. मग शेवटी श्वासाच्या खुणा.

लग्नाच्या गाण्यांना खुणा लागत नाहीत. ढोल इतका वाजतो की कोण कुठे दम घेतो कोणाला कळतंय. पण सावकाश चालीचं काही असलं की पंचाईत. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की मध्येच भोक पडतं, चालता चालता पायरी नसावी तसं. म्हणून नियम एकच: शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही. त्याचा संपतो तेव्हा तुझा चालू पाहिजे. यमुनेची तऱ्हा अशी की ती प्रत्येक पान स्वतः गुणगुणायची. तिचा दम पुरेल तितकं वाजवायचं, मग टिक. शेजारच्या पानावर टिक दोन मात्रा पुढे सरकवायची. म्हणजे बघा, अठरा दांडगे पुरुष, कोणी गवंडी, कोणी मासे विकणारा, पण त्यांच्या छातीचं माप माझ्या बायकोच्या छातीचं. बंडू क्लॅरिनेटवाला तेव्हा म्हणायचा, "वहिनी, तुम्ही शिंकलात की आख्खा बँड थांबेल."

"तू न्हाव्याची कात्री चालव. बँड माझा मी बघते," ती आतून म्हणायची. बंडूचं सलून होतं स्टेशनाजवळ.

त्या वर्षी जे बसवत होतो ते आमचं नव्हतंच. ठाण्यात पास्कल सर म्हणून एक म्हातारे होते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. एका लग्नात आमचा बास ऐकून स्वतःहून बोलायला आले, तेव्हापासूनची ओळख. त्यांचा ऑर्गन बिघडलेला, भाता फाटलेला. नोव्हेंबरात त्यांच्या लोकांचा मेलेल्यांचा दिवस असतो, कबरींवर मेणबत्त्या लावतात. म्हणाले, "मास्तर, तुमचा पितृपक्ष झाला की आमचा येतो. त्या दिवशी तू वाजव." आणि दोन पानं दिली. पिवळी, कडा गेलेल्या. लिहिणाऱ्याचं नाव असलेला कोपराच फाटलेला. परदेशातला कोणी, दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा असेल म्हणाले. त्या काळात तिकडे अशीच सावकाश, एकावर एक चढवलेली चाल करायचे.

त्यांनी मला ते पेटीवर वाजवून दाखवलं. खालचा सूर वरच्या 'सा'पासून एकेक पायरी उतरतो, आठ पायऱ्या, चार चार मात्रा प्रत्येक पायरीवर. खाली पोचला की परत वर जाऊन परत उतरतो. शेवटपर्यंत तेच. वरचे सूर बदलतात, कधी रडतात, कधी नुसते बघत बसतात. खालचा काही बदलत नाही. तो उतरतच राहतो. मला वाटलं कोणीतरी विहिरीत उतरतंय आणि काठावरची माणसं बोलतायत.

"एक लक्षात ठेव," पास्कल सर म्हणाले. "हे भात्यासाठी लिहिलंय. भात्याला श्वास नाही. तुझी माणसं आहेत. कोणी कुठे श्वास घ्यायचा ते आधी ठरव, नाहीतर मधेच मरतील."

मी हसलेलो.

घरी तळचा सा धरला की मांडणीवरचा पितळी डबा आपोआप गुणगुणायचा. यमुनेला ते आवडायचं. ती डब्याला बोट लावायची, तो गप्प व्हायचा. बोट काढलं की परत. "हा बी तुमच्या बँडात घ्या," म्हणायची. त्या पंधरवड्यात तो डबा दिवसभर बोलायचा. शेजारची म्हातारी अंगणातून ओरडायची, "मास्तर, कोणाची सुपारी घेतलीस रे? पितरांची?" मी म्हणायचो, "हो, तुझी पण लिहून ठेवलीय." कावळे पान शिवायला आलेले, ते बास चालू झाला की माना वाकड्या करून बसायचे, खायचे नाहीत. म्हातारीला त्याचाच राग. तिचा नवरा उपाशी जातो म्हणे.

पेन खिडकीत ठेवलं त्याच संध्याकाळी यमुना गेली.

दिवा लावायला उठली, देवघरापर्यंत पोचली नाही. मधल्या खांबाला टेकून बसली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "काय नाय, दम खाते." आणि दम खाताना गेली. डॉक्टर आले, त्यांनी हृदय म्हणून सांगितलं. दोन वर्षं दम लागतो म्हणून गोळ्या खात होती, त्या हृदयाच्या होत्या की छातीच्या ते मला अजून माहीत नाही, मी कधी विचारलंच नाही. लोक म्हणाले, पितृपक्षात गेली, सरळ वर गेली, भाग्यवान. मी म्हटलं, मग तुम्ही का थांबलात. त्यांना राग आला. येऊ दे. आमची लेक शेवंती आंबिवलीला दिलेली, ती आणि जावई यायचे म्हणून सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं.

तेराव्यानंतर बंडू घरी आला. बसला, पाणी प्यायला, टोपी फिरवली. म्हणाला, "मास्तर, पास्कल सरांना नाही म्हणून सांगून येऊ?"

"का?"

"म्हणजे... आता कसं."

"पानं लिहून तयार आहेत. वाजवायचं."

वखारीत बसलो. दसरा जवळ आलेला, दिवसा ऊन कडक, आत मात्र गार. ढोलवाल्यांना या चालीत काम नव्हतं. ते बाहेर दारात विड्या ओढत बसले, त्यातला दगडू तर बसल्या बसल्या झोपायचा. मी पानं वाटली. पहिलं बंडूला, क्लॅरिनेटचं. मग उतरत उतरत सतरावं पांडूला. पांडू युफोनियम वाजवायचा, माझ्या बासच्या शेजारी. रेतीच्या होडीवर काम करणारा, पिंपासारखा माणूस.

पांडूने पान बघितलं आणि ओरडला, "हे काय? तीन मात्रेवर श्वास? मी म्हशीला पाणी पाजायची बादली एका दमात रिकामी करतो, आणि मला तीन?"

बंडू म्हणाला, "मला तर सोळा दिल्यात. वहिनी तुझ्यावर रागावलेली असेल. होडीवरून कधी मासे आणून दिले नाहीस."

सगळे हसले. मग एकदम थांबले, कारण आता वहिनी नव्हती.

"लिहिलंय तसंच वाजवायचं," मी म्हटलं. "टिक तिथे श्वास. कोणी शहाणपणा करायचा नाही."

वाजवलं. मी काय सांगू. वरती क्लॅरिनेट, लांब, शांत, एका ओळीत एखादाच श्वास. त्याखाली कॉर्नेट, जरा कमी. त्याखाली अजून कमी. आणि अगदी तळाला पांडू आणि त्याच्या शेजारचे, दर तीनचार मात्रांनी तुटणारे, परत धरणारे, परत तुटणारे. वर चेहरा शांत आणि खाली छाती धपापतेय असा तो आवाज. अठरा माणसांचा नव्हे, एकाच माणसाचा. भिंतीवरून मीठ गळत होतं. शेवटची पायरी उतरलो तेव्हा कोणी वाद्य खाली ठेवेना.

दाराशी दगडू ढोलवाला झोपेतून उठून आत डोकावला. डोळे चोळत म्हणाला, "बाई कोण आलीय? दम लागलाय तिला. पाणी द्या ना कोणीतरी."

 बंडूने क्लॅरिनेट पेटीत ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला, पाठ करून. पांडू मला हळूच म्हणाला, "मास्तर, वहिनींनी चूक केली असेल. मी नीट करून घेऊ? दहादहा मात्रांवर?"

"हात लावलास तर बघ," मी म्हणालो.

मी भूतबीत मानत नाही. मेलेला माणूस परत येत नाही, येत असता तर यमुना त्याच रात्री येऊन त्या पेनाला टोपण लावून गेली असती. दगडू अर्धवट झोपेत होता, वखार घुमते, तळचे सूर तुटले की तसा आवाज होतोच. हे सगळं मला कळतं. तरी त्या दिवशी निघताना मी वखारीच्या दाराशी पाण्याचा तांब्या ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी तो तसाच होता, भरलेला. वर मिठाचा थर.

कबरस्तानात वाजवलं ते उन्हं कलताना. पास्कल सर काठी टेकून पुढे उभे. मेणबत्त्या दिवसाउजेडी लावलेल्या, ज्योत दिसत नव्हती, नुसती वरची हवा थरथरत होती. आम्ही सुरू केलं आणि बायका कबरींवर फुलं ठेवायच्या थांबल्या. एक म्हातारी आपल्या शेजारणीच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, शेजारीण बरी होती तरी. संपल्यावर पास्कल सर माझ्याजवळ आले. त्यांचा हात स्वतःच्या छातीवर होता.

"श्वास कोणी लिहिले?"

"बायकोने."

"कधी?"

"गेली त्याच दुपारी."

सरांनी टोपी काढली.  मग म्हणाले, "तुझ्या शेजारच्याचं पान शेवटी लिहिलं ना?" त्यांना ऐकूनच कळलं. मला त्या दुपारी समोर बसून कळलं नव्हतं.

या वर्षी परत भादवा आलाय. वखार गेली, तिथे सात मजल्यांची इमारत झाली. तळमजल्याच्या भिंतीला रंग टिकत नाही म्हणतात, पापुद्रे येतात. मीठ कुठे जातंय. आमच्याकडे हळदीला आता बेंजो पार्टी असते, कीबोर्ड आणि हे भलेमोठे स्पीकर. ते चांगलं वाजवतात, मी नाही म्हणत नाही. पण त्यातलं कोणीच दम घेत नाही. रात्रभर वाजलं तरी घेत नाही. मला ऐकताना माझाच जीव घाबरतो. माझे पुढचे दात गेले, दात गेले की भोंगा संपला. बास कोपऱ्यात उलटा ठेवलाय, त्यात झुरळं. खाडीच्या पुलावरून मालगाडी गेली की मांडणीवरचा डबा गुणगुणतो. मालगाडीमुळेच. कधीकधी मालगाडी नसते, तेव्हा मी उठून त्याला बोट लावतो. गप्प होतो. बोट काढत नाही मग बराच वेळ.

परवा डोंबिवलीहून एका बँडचा मास्तर आला. चांगला शिकलेला, चाळिशीचा. बंडूकडून ऐकलेलं त्याने. म्हणाला, "काका, ती पानं द्या, आम्ही बसवतो. मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. फक्त श्वासाच्या खुणा तेवढ्या चुकल्यात, त्या आम्ही बदलून घेऊ."

मी पानं त्याच्यासमोर ठेवली. पहिल्यापासून क्रमाने. म्हटलं, "मोज."

तो मोजत गेला. पहिल्या पानावर सोळा मात्रांना टिक. चौथ्यावर चौदा. सातव्यावर बारा. दहाव्यावर नऊ. तेराव्यावर सहा. सतराव्यावर चार, आणि शेवटच्या ओळीत तीन. अक्षर सगळीकडे तेच, सुंदर, एक खाडाखोड नाही. त्याने मान वर केली. त्याला समजलेलं. मला वाईट वाटलं त्याचं, पाहुणा माणूस.

"आहे तसं वाजवणार असशील तर ने," मी म्हटलं. "नाहीतर राहू दे."

त्याने नेली. अठराच्या अठरा. झेरॉक्स काढून परत देतो म्हणाला. उंबऱ्यावर थांबून त्याने विचारलं, "काका, या अठराव्या पानावरच्या खुणा वेगळ्या हातच्या आहेत. वाकड्यातिकड्या आहेत. हे कोणी केलं?"

मी सांगितलं, मीच. कधी, ते सांगितलं नाही. इथे सांगतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आत बायका तिला आंघोळ घालत होत्या. अंगणात पुरुष बांबू बांधत होते. शेवंती रात्रीच्या गाडीने आलेली, ती आत. मला सगळ्यांनी ओटीवर बसवून ठेवलं, तुम्ही काही करू नका म्हणून. नुसतं बसून माणूस काय करणार. चटई तशीच होती, पाट तसाच, कागद वाऱ्याने इकडेतिकडे झालेले. मी ते गोळा केले, नंबराप्रमाणे लावले. लावता लावता लाल टिका दिसायला लागल्या. पहिलं पान, दुसरं, पाचवं. मला हिशेब येत नाही पण मात्रा मोजता येतात. आयुष्यभर तेवढंच केलं. नवव्या पानाला माझे हात थांबले. पुढची पानं मी उलटीच ठेवली, मग परत सुलट केली, आणि सगळी मोजली. सतराव्यापर्यंत. दर पानाला तिचा दम कमी होत गेलेला आणि ती तो टिपत गेलेली. मी समोर भिंतीला टेकून म्हणत होतो, हात चालव गो.

खिडकीतलं पेन घेतलं. रात्रभर उघडं राहिलेलं, सुकलेलं. निब जिभेला लावली, लाल झाली, चालायला लागलं. माझं पान पाटावर घेतलं आणि शेजारी तिचं सतरावं ठेवलं. नियम एकच आहे. मी आठ पायऱ्या हळू गुणगुणलो, बायकांना ऐकू जाणार नाही इतकं हळू. जिथे जिथे तिच्या पानावर टिक होती, तिथे माझ्या पानावर काही नाही, तिथे मी धरून ठेवायचं. आणि जिथे तिचा सूर चालू होता, तिथेच माझा श्वास. आतून शेवंतीने हाक मारली, "आबा, चला, आईला बाहेर आणायचंय." मी म्हटलं, "थांबा. एक ओळ राहिलीय." शेवटच्या ओळीत तिची दर तीन मात्रांना टिक. ती आख्खी ओळ एका दमात धरायची म्हणून मी एकही खूण न करता सोडली, पेनाला टोपण लावलं, आणि तिला उचलायला आत गेलो.